वाहक

रंगूबाईने चहाचा कप तोंडाजवळ नेला, तसाच परत बशीत ठेवला आणि बशी बोटाने पुढे सरकवली. सखुबाईने ते पाहिलं. मुलाकडचं माणूस होऊ घातलेल्या सोयऱ्याच्या घरी चहा सोडतं तेव्हा पुढचं बोलणं गोड नसतं. हे कळायला शाळेत जावं लागत नाही, आणि सखुबाई काही फार शाळेत गेलेलीही नव्हती.

"साखर कमी पडली का गं?" तिने विचारलं.

"साखर बरोबर हाय."

"मंग पी. घरच्या म्हशीचं दूध हाय, पिशवीतला पाणी नाय."

रंगूबाईने कपाकडे बघितलंच नाही. टिटवाळ्याहून भाड्याची गाडी करून ती एकटीच आली होती. मुलाला आणलं नव्हतं, सुनेला आणलं नव्हतं. तिचा नातू मितेश आणि सखुबाईची नात करिश्मा, दोघांची सुपारी फुटून महिना होत आला होता. साखरपुड्याची तारीख काढायची राहिली होती, आणि रंगूबाई त्यासाठीच आली असेल असं धरून सखुबाईने सुनेला गोडाचा शिरा करायला सांगितला होता. आतून रव्याचा खमंग वास यायला लागला होता.

"सखुबाय, तुझी पोर वाहक निघाली म्हणतात."

आतलं उलथनं थांबलं.

"कोण म्हणतो?"

"गुणाजी. समाजाचा सेक्रेटरी. त्याच्याकडे कागद आलेत."

"मंग गुणाजीच्या डोळ्यात फूल पडलाय," सखुबाई म्हणाली. "आमची पोर कंपनीत अकाउंट बघते. फिरती खुर्ची हाय तिला. वाहक म्हणजे ते बसमधले, तिकीट फाडणारे. दाराजवळच्या शिटावर लिहिलेला असतो, वाहकाची जागा. तेवढा मना वाचता येतो. आणि असती समज वाहक, तर तुझ्या घराला काय कमीपणा आला असता? तुझ्या नातवाला बसवर कोणी क्लीनर तरी ठेवील का?"

रंगूबाईला हसावं की रागवावं ते कळेना. तेवढ्यात दर्शना, सखुबाईची सून, पदराला हात पुसत बाहेर आली.

"आई, ते वाहक नाही. हे रक्तातलं असतं."

तिच्या मागे करिश्मा उभी होती. सुट्टीचा दिवस, नुकती न्हालेली, केसांना टॉवेल गुंडाळलेला. तिने टॉवेल सोडला आणि हातात धरून ठेवला.

"थॅलेसेमिया मायनर," ती म्हणाली. "शिबिरात समजावलेलं त्यांनी. मला काही होत नाही, आजी. माझ्या रक्तात ते आहे एवढंच. नवऱ्याच्याही रक्तात असलं, तर मुलाला मोठा आजार होऊ शकतो. त्याच्यात नसलं तर तो आजार होत नाही."

"तुला कवा कळला हा?"

"आत्ता. तुझ्याबरोबर."

सखुबाईने नातीकडे बघितलं, मग रंगूबाईकडे. मारुतीच्या देवळासमोर मांडव घालून ते शिबिर झालं होतं. ठाण्याची कुठलीशी लॅब आली होती. कन्या आरोग्य शिबिर असा फलक, रक्त देणाऱ्या प्रत्येक मुलीला एक स्टीलचा डबा. पोरींनी रांगा लावून दंड पुढे केले होते. त्यातल्या एका पोरीचं रक्त ठाण्याला गेलं, तिथून गुणाजीच्या कपाटात आलं, तिथून टिटवाळ्याला पोचलं, आणि टिटवाळ्याहून भाड्याच्या गाडीने तिच्या स्वतःच्या घरी आलं. ज्या अंगातून काढलं त्या अंगाला सर्वांत शेवटी कळलं.

"आणि तुझ्या मितेशचा रक्त काय बोलतो?" सखुबाईने विचारलं.

"पोराचा कशाला? शिबिर पोरींचा होता."

"तेच विचारते. पोरांना रक्त नसतो?"

"आमच्या घरात असला काय नाय, सखुबाय. चार पिढ्यांत कोणाला काय झाला नाय."

"आमच्यात कोणाला झालाय? ही बघ उभी हाय तुझ्यासमोर. दोन डबे घेऊन कामाला जाते, दोन्ही रिकामे करून येते."

रंगूबाईने हात जोडल्यासारखे केले. "मी सोयरीक मोडाया नाय आली. रविवारी डोंबिवलीला हॉलवर समाजाची चर्चा हाय. डॉक्टर येणार, लॅबवाले येणार. ते काय ठरवतील ते बघू, तवर थांबू. आणि नाव माझ्या तोंडून बाहेर जायचा नाय. एकवीरेची आण."

ती गेल्यावर दर्शना तिथेच भिंतीला टेकून बसली. करिश्माने रंगूबाईचा भरलेला कप उचलला.

"मी मितेशशी बोलते," ती म्हणाली.

"तू काय बोलणार? मोठी माणसं मेली नाय अजून."

 करिश्माने चहा मोरीत ओतला आणि कप बराच वेळ धुतला.

सखुबाईने गुणाजीला फोन लावायला लावला आणि पलीकडून हॅलो यायच्या आत सुरू केलं. माझ्या पोरीचं रक्त तुझ्या कपाटात कसं आलं, तू तिचा बाप का डॉक्टर, की दोन्ही? गुणाजीने ऐकून घेतलं. सखुबाईचं सगळेच ऐकून घेत. ती धवलारीण होती. मानपाड्यापासून कल्याणपर्यंतच्या गावांत आगऱ्यांचं लग्न निघालं की तिच्याकडे पहिलं बोलावणं यायचं. मांडवात बसून ती लग्नाची गाणी, धवले, म्हणायची, देवांना आवतण द्यायची, आणि मगच नवरानवरीला हळद लागायची. भटजीला थांबवता येतं, बॅन्जोवाल्याला थांबवता येतं, धवलारणीला थांबवायची कुणाची छाती नव्हती.

"आजी, समाजाच्या भल्यासाठीच केलं," गुणाजी शेवटी म्हणाला. "मुलाकडच्यांना सांगणं भाग होतं. बाकी कोणाला नाव नाही सांगितलेलं, शपथेवर."

"भला," सखुबाई म्हणाली आणि फोन करिश्माच्या हातात दिला.

रविवारी हॉल भरला होता. वरच्या फलकावर लिहिलं होतं, 'जनुकशास्त्र: वरदान की संकट?' सखुबाईने नातीकडून ते वाचून घेतलं आणि दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. दर्शना तिच्या शेजारी. करिश्मा मागे राहिली, दाराजवळच्या खुर्च्यांवर, ऑफिसातल्या प्रियांकाबरोबर. मितेश आला नव्हता. रंगूबाई आली होती, पण बायकांच्या पलीकडच्या टोकाला बसून राहिली होती.

आधी लॅबचा विनीत उभा राहिला. तरुण, इस्त्रीचा, हातात लाल ठिपका टाकणारी कांडी. पडद्यावर पिळलेल्या दोरखंडासारखं चित्र आलं. माणूस म्हणजे या दोरखंडात लिहून ठेवलेलं पुस्तक आहे, तो म्हणाला, आणि आता आपल्याला ते वाचता येतं. पुढे-मागे त्यातल्या चुकाही दुरुस्त करता येतील. पोटात गर्भ रुजवण्याआधी तपासून घ्यायचा, निरोगी तेवढाच ठेवायचा.

"पोरगा बुटका निघणार असेल तर ते पण आधी कळेल काय?" मागून कोणीतरी विचारलं.

"कळलं असतं रे, पण तुझ्या वेळेला मशीन नव्हती," मागूनच दुसऱ्याने उत्तर दिलं.

हॉल हसला. विनीतही हसला आणि त्याने कांडी बंद केली.

मग डॉक्टर शुभदा बोलल्या. डोंबिवलीतल्याच, पांढऱ्या केसांच्या, शब्द तोलून बोलणाऱ्या.

"चाचणी वाईट नाही," त्या म्हणाल्या. "मी रोज करते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात चौथा हिस्सा शक्यता असते की मूल आजारी जन्मेल. त्या मुलाला आयुष्यभर रक्त चढवावं लागतं. माझ्याकडे येतात ती मुलं, त्यांच्या हातावर सुई टोचायला जागा उरलेली नसते. हे टाळता येत असेल तर जरूर टाळावं. पण वाहक म्हणजे रोगी नव्हे. आणि एकट्या मुलीचा अहवाल बघून काहीही ठरत नाही. अहवाल ज्याचा त्याच्या हातात द्यावा. त्याने विचारलं तर समजावून सांगावं. समाजाने तो मागू नये."

"मॅडम, हे पुस्तकात ठीक आहे," गुणाजी माईक ओढून घेत म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. समाजाच्या पोरांसाठी त्याने अभ्यासिका काढली होती, रुग्णवाहिका आणली होती. "आमच्यात लग्नं गावातल्या गावात, जवळच्या जवळ होतात. आम्हाला नियम पाहिजे. मी ठराव मांडतो. यापुढे समाजातल्या प्रत्येक मुलीचा रक्ताचा दाखला बघितल्याशिवाय सुपारी फोडायची नाही. परवाच आपल्यातल्या एका मुलीच्या बाबतीत हे वेळीच कळलं. नाव घेत नाही. कळलं नसतं तर काय झालं असतं?"

हॉलमध्ये कुजबुज उठली. सखुबाईच्या मागच्या बायकांनी डोकी एकत्र आणली.

"कोणाची गं?"

"कल्याणची म्हणतात. पाणीपुरवठ्यात बाप आहे ती."

"ती नव्हे, तिची धाकटी असेल. कशी फिकी दिसते बघ."

"मी तर ऐकलं, दिव्याची."

सखुबाई ऐकत होती. बाजारात पापलेटचे कल्ले उचलून बघावेत तशी एकेक पोर उचलून बघत होत्या, वास घेऊन खाली ठेवत होत्या. पुढच्या रांगेत पुरुष हात वर करायला बसले होते. त्यातल्या एकाच्या बाही वर सरकलेल्या दंडाकडे तिची नजर गेली. चांगला जाडजूड दंड, घड्याळ बांधलेला, सुई कधी न पाहिलेला.

ती उभी राहिली. दर्शनाने तिचा पदर धरला, तिने तो सोडवून घेतला.

"आजी, प्रश्न शेवटी घेणार आहोत," गुणाजी म्हणाला.

"मना प्रश्न नाय. मना माईक पण नको, माझा गळा मांडवात तयार झालाय." ती पुढे आली आणि हॉलकडे तोंड करून उभी राहिली. "कल्याणच्या पोरीला सोडा. दिव्याच्या पोरीला सोडा. ती पोर माझी हाय. करिश्मा काळुराम भोईर. माझ्या मुलाची पोर, माझी नात."

बायकांची डोकी सुटी झाली.

"तिला काय झाला नाय. डॉक्टरीणबायनी आता सांगितला तुम्हाला, मी अडाणी, मना पण समजला. मंग तुम्हाला का समजत नाय? पोर काय एकटी मांडवात उभी राहते? मूल काय एकटी जन्माला घालते? नवऱ्याचा रक्त तपासायला गेला तर नवऱ्याची लाज जाते, आणि नवरीचा रक्त गावभर फिरवला तर समाजाचा भला होतो. हा कुठला शास्त्र? हे लॅबवाल्याच्या दोरीवर लिवलाय का?"

विनीतने खाली बघितलं.

"आणि तिच्या अंगात हे आला कुठून? आकाशातून पडला? बापाकडून आला असेल, आयकडून आला असेल. बापाचा असेल तर माझ्याकडून नायतर माझ्या मालकाकडून आला असेल. मंग माझा काढा आधी. हा घ्या हात." तिने खरंच चोळीची बाही वर केली. सुरकुतलेला दंड, त्यावर हिरवं गोंदण. "आणि माझ्यानंतर गुणाजीचा काढा. त्याला दोन पोरगे हायेत लग्नाचे. ही पुढची रांग बसलीय ना हात वर करायला, तिचा काढा. मंग ठराव करा."

बायकांमधून कोणीतरी टाळी वाजवली. मग बऱ्याच जणींनी.

"आणि एक ऐकून ठेवा. ज्या घरात नुसता पोरीचा कागद मागतील, त्या मांडवात माझ्या तोंडून धवला निघायचा नाय. माझ्या हाताखाली शिकलेल्या बायांच्याही नाय निघायचा. देवांना आवतण तुम्ही मोबाईलवरून पाठवा. आले तर आले."

आता पुरुषही हसले, टाळ्या वाढल्या. गुणाजीने कपाळ पुसलं आणि अध्यक्षांच्या कानाला लागला. पाचेक मिनिटांची बोलाचाली झाली. मग ठराव बदलून वाचला गेला: चाचणी करायची तर मुलगा आणि मुलगी दोघांनी, स्वतःच्या मर्जीने करायची. अहवाल ज्याचा त्याच्याच हातात जाणार. समाजाच्या कपाटात आलेले कागद परत दिले जाणार. डॉक्टर शुभदा व्यासपीठावरून उतरल्या आणि त्यांनी सखुबाईचे दोन्ही हात हातात घेतले.

सखुबाईने मान ताठ करून दाराकडे पाहिलं, नातीने बघितलं का म्हणून.

पण करिश्माकडे अख्खा हॉल बघत होता. मागच्या चार-पाच रांगा खुर्चीत पूर्ण वळल्या होत्या. प्रियांकाही तिच्याकडे बघत होती, तोंड अर्धवट उघडं. करिश्मा पर्सची चेन उघडून आत काहीतरी शोधत होती. बराच वेळ शोधत होती.

बाहेर चहाच्या टेबलापाशी बायका तिच्याभोवती जमल्या. मघाच्याच, कल्ले उचलणाऱ्या. आता त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एकीने तिच्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. एकीने बीट खायला सांगितलं.

"रक्त चढवायला लागतं का गं महिन्याला?"

"नाही काकी. मला काहीच नाही."

"असू दे, असू दे. देव बघतो सगळं. आमच्या गावात एक बाबा आहेत, काविळीचं देतात."

"हो काकी."

ऑफिसात सांगू नको हं, असं करिश्मा प्रियांकाला म्हणत होती तेव्हा सखुबाई जवळ पोचली. प्रियांकाने पटकन मान हलवली. इतकी पटकन, की सांगणार हे सखुबाईलाही कळलं.

रिक्षात दर्शना मान खाली घालून बसली होती. मानपाड्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली. सखुबाईलाच राहवेना.

"ठराव फिरवला की नाय? गुणाजीचा थोबाड बघितला का?"

"हो. चांगलं बोललीस."

"मंग?"

करिश्मा रस्त्याकडे बघत होती. "आत कोणालाच माहीत नव्हतं, आजी."

"मंग लपवायचा काय त्यात? चोरी केलीस?"

"नाही."

"मंग?"

"गुणाजीकाकांनी पण नाव नव्हतं घेतलं."

सिग्नल सुटला.   सखुबाई बाहीची दुमड सरळ करत बसली. मघा वर केलेली बाही अजून तशीच होती, आणि वाऱ्यावर दंड गार पडला होता.

सोमवारी करिश्मा कामावर गेली नाही. मंगळवारी गेली आणि एकच डबा घेऊन गेली. संध्याकाळी आली ती थेट आपल्या खोलीत. दर्शनाने विचारलं तर म्हणाली, सगळे फार चांगले वागतात, फारच चांगले. सखुबाई ओट्यावर सुकट निवडत होती. तिने ऐकलं, आणि निवडलेली सुकट पुन्हा निवडायला घेतली.

बुधवारी दिवेलागणीला टिटवाळ्याहून फोन आला. करिश्मा घरी होती, दर्शनाने फोन उचलून सासूच्या हातात दिला.

"सखुबाय, ऐक," रंगूबाईचा आवाज मोकळा होता. "मितेश स्वतः जाऊन रक्त देऊन आला. त्याच्यात काय नाय. डॉक्टरने सांगितला, आता कसलीच भीती नाय. पोराचा बाप पण म्हणतो, आपला चुकला. तेवढा पोटात घे. आणि तारीख धर, याच महिन्यातली धर. धवले तूच म्हणायचे, दुसरी धवलारीण आमच्या मांडवात नको."

दर्शनाने दोन्ही हात तोंडावर धरले. एवढ्या दिवसांत सुनेचा चेहरा पहिल्यांदा असा उजळलेला सखुबाईला दिसला. रंगूबाई नमली होती. टिटवाळा नमला होता. आता एक 'बरा' म्हणायचं होतं, थोडं ताणून, जरा उपकार केल्यासारखं. सखुबाईच्या जिभेवर ते तयारच होतं.

"थांब," ती म्हणाली. "पोरीला विचारते."

"तिला काय विचारायचा? तुझा शब्द असल्यावर?"

"तू धर जरा."

ती उठली. खोलीचं दार लोटलेलं होतं. हे घर सखुबाईच्या देखत बांधलं गेलं होतं, एकेक वीट तिने मोजून घेतली होती, आणि यातल्या कुठल्याही दारासमोर ती कधी थांबली नव्हती. दार ढकलायचं, आत जायचं आणि मग कोण आहे ते बघायचं. हात सवयीने कडीपर्यंत गेलाही. तिने तो मागे घेतला, बोटं मुडपली आणि दारावर वाजवलं. किती जोरात वाजवायचं असतं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून फारच हळू वाजलं.

"कोण आहे?" आतून करिश्माने विचारलं. या घरात दार वाजवणारं कोणी नव्हतं, तिला खरंच कळलं नसावं.

"मी," सखुबाई म्हणाली. "टिटवाळ्याचा फोन हाय. तू काय बोलशील ते मी सांगते त्यांना. हो बोल, नायतर नाय बोल."

 आत पलंग करकरला. फोनमधून रंगूबाई हॅलो हॅलो करत होती. सखुबाईने फोन पदराच्या घड्यांत गुंडाळला आणि पोटाशी घट्ट दाबून धरला, आतलं काही तिकडे ऐकू जाऊ नये म्हणून, आणि दाराबाहेर उभी राहिली.